एका नौकेपुरते आवर्तन

कालवा म्हटला की त्याला एक शीर्ष असावे आणि एक पुच्छ असावे, मधल्या वाटेत त्याला चाऱ्या फुटाव्यात, आणि शीर्षापाशी सोडलेले पाणी पुच्छाकडच्या शेतकऱ्याच्या रानात पोहोचेपर्यंत त्यातले निम्मे कोठे जिरले अथवा कोणी जिरविले याची चौकशी दर आवर्तनाला नव्याने करावी, हा ज्याचा नोकरीतला नित्यक्रम होऊन बसला होता, अशा माझ्यासारख्या नीरा डाव्या कालव्यावरील एका निवृत्त अंमलदाराला न्यूयॉर्क राज्यातील ईरी कालवा प्रथमदर्शनी फारसा ओळखीचा वाटू नये, यात नवल नाही. या कालव्यावर पाटकरी नाही, मोजणीदार नाही, पाळीपाळीने पाणी देण्याच्या शेजपाळीवरून होणारी डोकेफोड नाही, आणि पाणीमागणीचा नमुना नंबर सातचा अर्ज हातात घेऊन बांधावर ताटकळणारा बागाईतदारही नाही. पश्चिमेकडचे काही शेतकरी त्यातून पाणी उचलतात हे खरे. परंतु ते त्याचे आनुषंगिक काम. पाण्याच्या पाठीवरून माल वाहून नेणे हे त्याचे मूळ प्रयोजन, आणि तेवढ्यासाठीच १८१७ च्या जुलै महिन्यातील चौथ्या तारखेस रोम नावाच्या गावी त्याची पहिली कुदळ पडली.

हडसन नदीवरील ऑल्बनीपासून ईरी सरोवरावरील बफेलोपर्यंत ३६३ मैल लांब, वरच्या अंगाला ४० फूट रुंद आणि अवघा ४ फूट खोल असा हा चर, नौका खालीवर करणारी ८३ लॉक बांधून, नद्यांवरून दगडी जलसेतूंनी पलीकडे नेऊन, १८२५ च्या ऑक्टोबरात पुरा झाला. गव्हर्नर डेविट क्लिंटन यांनी त्याचा ध्यास घेतला होता, म्हणून विरोधक त्याला 'क्लिंटनचा खड्डा' म्हणत. प्रेसिडेंट जेफरसन यांनाही ही योजना वेडेपणाच्या सीमेवरची वाटली होती. काम पुरे होताच क्लिंटन बफेलोहून 'सेनेका चीफ' नावाच्या नौकेत बसून निघाले आणि ४ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या बंदराबाहेर त्यांनी ईरी सरोवराच्या पाण्याचे पिंप समुद्रात रिते केले. आपल्याकडे धरण भरले की मंत्रिमहोदय खणानारळाने जलपूजन करतात. सरकार कोणत्याही मुलखाचे असो, पाण्यापुढे उभे राहिले की त्याला काहीतरी अर्पण करावेसे वाटते. बफेलोहून न्यूयॉर्कला एक टन माल नेण्यास पूर्वी सुमारे १०० डॉलर पडत, ते १० डॉलरांच्या आत आले. तीन आठवड्यांची वाट आठवड्याभराची झाली. आणि ज्या जकातीवर या खर्चाची मदार होती ती इतकी भरभरून येऊ लागली की बांधकामाचे कर्ज फिटून वर शिल्लक पडली. पुढे कालवा रुंद केला, मग जकात माफ केली, मग १९०५ ते १९१८ या काळात बऱ्याच ठिकाणी जुनी वाट सोडून नवा, यंत्रांवर चालणारा, मोठ्या बार्जेसना पुरेल असा कालवा बांधला. त्यानंतर आगगाडी, डांबरी सडक आणि सेंट लॉरेन्स नदीचा सागरी मार्ग या तिघांनी मिळून तो माल हळूहळू पळविला. आता उरली आहे ती हौशी मंडळींची वर्दळ, आणि त्यांच्याकडून घेतली जाणारी किरकोळ पट्टीही कालव्याच्या द्विशतकी वर्षापासून, म्हणजे २०१७ पासून, बंद झाली आहे.

अशा या कालव्यावर नौकेने एक दिवस घालवावा, ही कल्पना आमच्या जावयांची. ते, आमची लेक आणि नात रॉचेस्टरला असतात. त्यांनी मॅसिडन गावी एक नौका भाड्याने घेतली. घाटणी इंग्लंडातील अरुंद नौकांची. तिकडचे कित्येक जुने लॉक जेमतेम सात फूट रुंद, त्यामुळे सात फुटांच्या आतली आणि पार सत्तर फुटांपर्यंत लांबलेली अशी तेथील नौकेची कृश आकृती ठरून गेली. इकडच्या ४५ फूट रुंदीच्या लॉकमध्ये तसल्या काटकसरीचे काही कारण नसल्यामुळे आमची नौका अंगाने थोडी भरलेली होती, परंतु लांबोडके पोट, बाजूच्या चिमुकल्या खिडक्या, आत स्वयंपाकाचा ओटा, आणि मागे उभे राहून हाकण्याचा सुकाणूचा दांडा ही लक्षणे मात्र अस्सल. दांडा डावीकडे लोटला की नौका उजवीकडे वळते, ही गोष्ट भाड्याने देणाऱ्यांनी आम्हांस तासभर शिकविली. आमच्या दहा वर्षांच्या नातीला ती दहा मिनिटांत उमगली, आणि जावयांना, ते संगणकाच्या विषयातले गृहस्थ असूनही, दुपारपर्यंत अधूनमधून तिला विचारून घ्यावे लागले. सौभाग्यवतींनी नौकेत पाऊल ठेवताच प्रथम ओट्याची शेगडी पाहिली, आणि शेगडी पेटते एवढी खात्री झाल्यावर प्रवासाला संमती दिली.

रात्र मॅसिडनच्या लॉकच्या वरच्या अंगाला काठाशी काढून सकाळी आम्ही पूर्वेकडे निघालो. सप्टेंबरचा महिना होता. काठाच्या गवतात पिवळी आणि जांभळी रानफुले दाटलेली, पाण्यावर विरत चाललेले धुके, आणि उथळ जागी एका पायावर उभा असा निळसर करड्या रंगाचा एक थोराड बगळा, जो आमची नौका जवळ येईपर्यंत हलत नसे आणि जवळ आली की कंटाळल्याप्रमाणे उडून शेदोनशे पावले पुढे जाऊन पुन्हा उभा राही. नौकेचा वेग ताशी पाच-सहा मैल. काठाच्या वाटेवरून सायकलवाले आम्हांस मागे टाकून जात होते. पूर्वी याच कालव्याच्या काठाने खेचरे चालत, आणि त्यांना बांधलेल्या दोराने ओढली जाणारी नौका ताशी चार मैलांहून अधिक वेगाने नेऊ नये, कारण लाटांनी काठ ढासळतो, असा सरकारी नियम होता. या नियमातला दुसरा भाग मला फार जवळचा वाटला. काठ ढासळल्याचे अहवाल मी आयुष्यात किती लिहिले याची गणती नाही.

मॅसिडनच्या लॉकचा क्रमांक ३०. क्रमांकांची ही व्यवस्था एखाद्या मुरलेल्या कारकुनाच्या दप्तरातून निघावी अशी आहे. ३० नंतर ३२ येतो. ३१ क्रमांकाचे लॉक अस्तित्वातच नाही. २८ चे मात्र 'अ' आणि 'ब' असे पोटहिस्से पडलेले आहेत. सात-बाराच्या उताऱ्यांत ज्याची हयात गेली त्याला परमुलखातही आपली माणसे भेटतात ती अशी.

लॉकची यंत्रणा समजावयास सोपी आहे आणि पाहावयास मात्र कितीही वेळा पाहिली तरी तृप्ती होत नाही. कालव्याच्या वरच्या आणि खालच्या पातळीत जेथे अंतर पडते तेथे काँक्रीटच्या दोन भिंतींमध्ये एक लांबट कोठी, ३२८ फूट लांब आणि ४५ फूट रुंद, बांधलेली असते. तिच्या दोन्ही टोकांना पोलादी दरवाजांच्या जोड्या. दरवाजे मिटले म्हणजे सरळ रेषेत येत नाहीत, तर वरच्या प्रवाहाकडे टोक करून कोनात भिडतात, त्यामुळे पाण्याचा दाब जितका अधिक तितके ते घट्ट बसतात. या युक्तीचे श्रेय सामान्यतः लिओनार्दो दा विंचीला देतात. भिंतींच्या पोटातून भुयारे आहेत. वरची झडप उघडली की वरचे पाणी भुयारातून कोठीत येते, खालची उघडली की कोठीतले पाणी खालच्या टप्प्यात जाते. पंप नाही, इंजिन नाही. दरवाजे आणि झडपा हलविण्यापुरती वीज, बाकीचे सारे काम गुरुत्वाकर्षणाचे. आणि दोन्ही बाजूंचे पाणी एका पातळीवर आल्याखेरीज दरवाजे उघडत नाहीत, मग बाहेर गव्हर्नर उभा असो की कोळशाची बार्ज.

जावयांनी भोंगा तीनदा वाजविला. पलीकडे तांबडा दिवा. लॉकची कोठी त्या वेळी रिकामी, म्हणजे खालच्या पातळीला होती; आमच्या आधी कोणी उतरून गेले असावे. लॉक सांभाळणाऱ्या बाई निळा सदरा घालून आपल्या खोलीतून बाहेर आल्या, आमच्याकडे पाहून त्यांनी हात केला, आणि झडप उघडली. दहाएक मिनिटांत ती अवाढव्य कोठी काठोकाठ भरली, हिरवा दिवा लागला, दरवाजे भिंतीत जाऊन बसले, आणि मोठमोठ्या बार्जेससाठी बांधलेल्या त्या जलाशयात आमची एकुलती एक नौका शिरली. भिंतीवरून दोर लोंबत होते. ते धरावयाचे, बांधावयाचे नाहीत; बांधले तर पाणी खाली जाईल आणि नौका दोराला लटकेल, असे बाईंनी वरून बजावले. सौभाग्यवतींनी हातमोजे चढवून पुढचा दोर धरला, जावयांनी मागचा. मग पाणी उतरू लागले. उतरताना काहीच ऐकू येत नाही. फक्त शेवाळलेली ओली भिंत वाढत जाते, आकाशाची पट्टी अरुंद होते, हवा गार होते आणि विहिरीत उतरल्याचा भास होतो. सोळा फूट खाली आल्यावर पुढचे दरवाजे उघडले आणि पुन्हा ऊन, पुन्हा शेते, आणि तोच बगळा, अथवा त्याचा भाऊबंद.

"आबा, तुम्ही काय मोजताय?" नातीने विचारले.

मी खरोखरीच मोजीत होतो, आणि ते मला सोडवत नव्हते. ३२८ गुणिले ४५ गुणिले १६, म्हणजे २,३६,१६० घनफूट; सुमारे ६७ लाख लिटर. आमच्या हिशेबात एक क्युसेकचा पाट अहोरात्र पावणेतीन दिवस वाहावा तेव्हा एवढे पाणी होते. जमिनीवर तीन इंच उभे राहील अशी एक पाळी धरली आणि वाटेतली गळती तूर्त बाजूला ठेवली, तर २१-२२ एकर ज्वारी एकदा भिजून निघते. ज्या २२ एकरांसाठी मी कधी काळी पाटकऱ्याला रात्री अपरात्री उठविले, दोन भाऊबंदांमधला तंटा पंचनामा करून मिटविला, पुच्छाच्या गावकऱ्यांच्या शिव्या ऐकल्या आणि वरिष्ठांचा खुलासा मागणारा कागद घेतला, तेवढे पाणी त्या निळ्या सदऱ्यातल्या बाईंनी आम्हां पाच जणांना खाली उतरविण्यासाठी हसतमुखाने सोडून दिले. अर्ज नाही, पट्टी नाही, पावती नाही. नौकेचे नाव तेवढे विचारून घेतले.

माझ्या पिढीतल्या पाटबंधारेवाल्याच्या मनात अशा वेळी प्रथम काय येते ते लपविण्यात अर्थ नाही: उधळपट्टी. विश्वेश्वरय्यांनी नीरेच्या खोऱ्यासाठी ब्लॉक पद्धत सुचविली ती थोडे पाणी पुष्कळ गावांत न्याय्य रीतीने कसे वाटावे या विवंचनेतून. पांझरेकाठचे शेतकरी फड पद्धतीने पिके ठरवून पाणी वाटून घेत आले तेही त्याच विवंचनेतून. आमचे सारे शास्त्र, सारा कायदा आणि बराचसा मनस्तापही तुटवड्यातून जन्मलेला. परंतु हे पाणी वाया गेले असे म्हणता येत नव्हते. ३० क्रमांकाच्या लॉकने सोडलेले पाणी खालच्या टप्प्यात आमच्यासोबतच चालले होते, आणि तेच पुढे २९ क्रमांकाच्या लॉकला उपयोगी पडणार होते. पायऱ्यांवरून उतरणाऱ्या माणसाबरोबर त्याचे पाणीही उतरत होते. मुळात ते येते ईरी सरोवरातून. टोनावांडापाशी ते कालव्यात शिरते, लॉकपोर्टचा कडा उतरते, मग साठांहून अधिक मैल एकही लॉक न लागता सपाट वाहते, रॉचेस्टरजवळ जेनेसी नदी ओलांडते, आमच्या नौकेखालून जाते, आणि पुढे सेनेका व ऑस्वेगो नद्यांना मिळून ऑन्टारिओ सरोवरात पडते. ईरीचे पाणी ऑन्टारिओत जावयाचेच होते, नायगाऱ्यावरून उडी घेऊन. त्यातल्या थोड्याशा पाण्याने ती उडी चुकविली आणि पायऱ्यापायऱ्यांनी, वाटेत नौका खालीवर करीत, लांबच्या रस्त्याने जाणे पत्करले, एवढेच. ज्याच्या शीर्षाशी असे सरोवर आहे त्याला पुच्छाची चिंता करण्याचे कारण नाही. आणि सबंध दिवसभर आमच्या नौकेवर जो निवांतपणा नांदत होता तो आमच्या स्वभावातला नसून त्या सरोवराच्या भरलेपणातला होता, असे मला तेव्हाही वाटले व अजूनही वाटते. आमचे भाटघर धरण अर्धे भरलेले असताना कोणाला असा दिवस घालविता आला असता?

मॅसिडनला आणि त्यापुढेही ठिकठिकाणी जुन्या कालव्याचे अवशेष नव्याच्या कडेकडेने आहेत. घडीव दगडांची जोडलॉक, एक जाणाऱ्यांसाठी नि एक येणाऱ्यांसाठी, आता झाडांनी गिळलेली, तळाशी पालापाचोळा. दगडकामाचे सांधे अजूनही सुरी जाणार नाही असे. या सांध्यांमागे एक कथा आहे. कालव्याचे मुख्य इंजिनिअर बेंजामिन राइट आणि जेम्स गेडिस हे दोघे मूळचे जमीन मोजणारे आणि न्यायाधीश. त्यांच्या हाताखालचा कॅन्व्हस व्हाइट हा तरुण काम सुरू झाल्यावर इंग्लंडला गेला, तेथील कालव्यांच्या काठाने शेकडो मैल पायी हिंडला, नकाशे घेऊन परत आला, आणि मग चिटेनँगो गावाजवळ त्याला असा चुनखडीचा दगड सापडला की ज्याचा भाजून केलेला चुना पाण्याखालीही घट्ट होतो. तोपर्यंत असा चुना परदेशातून आणावा लागे. आमच्या जुन्या धरणांत सुरखी आणि चुना यांच्या घाणीवर जे बैल फिरले त्यांची या व्हाइटसाहेबाशी ओळख करून द्यावी असे मला वाटून गेले. माणसांच्या कथा मात्र इतक्या सुखाच्या नाहीत. १८१९ साली पूर्वेकडच्या मॉन्टेझुमाच्या दलदलीत हिवतापाने शेकडो मजूर मेले, त्यांत पुष्कळ आयर्लंडहून आलेले. त्यांची नावे दगडावर नाहीत. आणि ज्या सेनेका लोकांच्या मुलखातून हा चर गेला त्यांच्यापाशी तो मुलूख करारमदार करकरून आधीच उरला नव्हता. कालव्याला येऊन मिळणाऱ्या गनार्ग्वा ओढ्याचे नाव तेवढे त्यांच्या भाषेतले राहिले आहे.

येथून दक्षिणेस थोड्या अंतरावर कॅनन्डेग्वा हे गाव लागते. कालव्याची कल्पना लेखणीतून प्रथम पद्धतशीर उतरली ती तेथल्या तुरुंगात. जेसी हॉली हा पिठाचा व्यापारी. माल बाजारात पोहोचविण्याच्या खर्चाने बुडाला आणि कर्जापायी कैदेत पडला. तेथे बसून त्याने १८०७-०८ मध्ये 'हर्क्युलीस' या टोपणनावाने स्थानिक वृत्तपत्रात चौदा निबंध लिहिले, आणि हडसनपासून ईरीपर्यंत कालवा कोठून कसा न्यावा, त्याला खर्च किती यावा, त्यातून राज्याचे कल्याण कसे व्हावे हे सविस्तर मांडले. वाहतुकीने नागविलेल्या माणसाने वाहतुकीचाच इलाज लिहावा, आणि तोही चार भिंतींत अडकून, हे मला कालव्याच्या सबंध इतिहासातले सर्वांत हृद्य प्रकरण वाटते. क्लिंटन यांनी पुढे या निबंधांचे ऋण मान्य केले. निबंधकाराला असा मान क्वचितच मिळतो. आमच्या धंद्यातल्यांना तर कधीच नाही.

पाल्मायराला २९ क्रमांकाचे लॉक उतरून, गावच्या धक्क्याला नौका लावून, आम्ही पाय मोकळे केले. गावाच्या चौकात चार कोपऱ्यांवर चार पंथांची चार चर्चे समोरासमोर उभी आहेत, आणि तेवढ्याने भागले नाही म्हणूनच की काय, याच गावच्या छापखान्यात १८३० साली जोसेफ स्मिथच्या 'बुक ऑफ मॉर्मन'ची पहिली आवृत्ती छापून एक नवीन धर्म निघाला. कालव्याच्या काठचा हा सगळा पट्टा त्या काळी धार्मिक उत्साहाने आणि सुधारणांच्या चळवळींनी इतका पेटलेला होता की १८४८ ची स्त्रियांच्या हक्कांची पहिली परिषदही येथून फार दूर नसलेल्या सेनेका फॉल्सला भरली. पिठाबरोबर मतेही कालव्यावरून वाहतात, हे सरकारी अंदाजपत्रकात कोणी धरले नसावे. गावाजवळच खेचरांसाठी बांधलेला एक जुना पूल जपून ठेवलेला आहे. काठाची वाट एका तीरावरून दुसऱ्या तीरावर जाते तेथे दोर न सोडता खेचराने नौका ओढीत पलीकडे कसे जावे, हा प्रश्न त्याच्या रचनेत सोडविलेला. नातीने त्यावरून खेचर होऊन तीनदा ये-जा केली तेव्हा मला ती युक्ती कळली.

पुढचा टप्पा लांब आणि, खरे सांगावयाचे तर, नीरस. एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला झाडी, तिच्याआड कोठे मक्याची शेते, सफरचंदाच्या बागा. मधूनच झाडीपलीकडून शंभर शंभर डब्यांची मालगाडी धडधडत निघून जाई आणि आपण कालव्याला कसे हरविले हे सांगून जाई. या नीरस भागातच नौकेवरचे खरे सुख होते. सौभाग्यवतींनी पिठले टाकले. फोडणीचा वास खिडकीतून बाहेर पडून पाण्यावर पसरला आणि काठाने चाललेल्या एका वृद्ध दांपत्याने थांबून हात हलविला. जावई सुकाणूपाशी बसून, पूर्वेकडे असेच जात राहिलो तर पाच-सहा दिवसांत हडसन लागेल आणि तिने दक्षिणेस उतरलो तर पोकीप्सी लागेल, असे सांगत होते. पोकीप्सीला डॉ. आनंदीबाई जोशींच्या अस्थी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहेत, हे आमच्या लेकीला ठाऊक होते, मला नव्हते. पुण्यात १८८७ साली वारलेल्या त्या मुलीची रक्षा इतक्या लांब या नदीच्या काठी कशी आली, आणि परक्या बाईने तिला आपल्या घरच्या माणसांत जागा दिली ती कशी, यावर मायलेकी बराच वेळ बोलत राहिल्या. मी ऐकत होतो. नौका चालतच होती.

न्यूअर्कचे २८ 'ब' हे लॉक बारा फुटांचे, म्हणजे लहानसेच. तेथल्या रखवालदाराला मी माझा प्रश्न विचारला: एका खेपेला किती पाणी सुटते याची नोंद आपण ठेवता काय? गृहस्थ उमदे होते. त्यांनी खोलीतली वही आणून दाखविली. तारीख, वेळ, नौकेचे नाव, वर की खाली, शेरा. रकाने स्वच्छ, अक्षर वळणदार. अशी वही पाहिली की मला कोणत्याही राज्यात आपण सुरक्षित आहोत असे वाटते. पाण्याचा रकाना नव्हता. "आपणच पहिले हे विचारणारे," ते म्हणाले, आणि मी पाटबंधारे खात्यातला आहे असे कळल्यावर त्यांनी मला दरवाजे उघडण्याच्या यंत्रापाशी नेऊन आदराने उभे केले.

लायन्सच्या अलीकडे २८ 'अ' लागते. साडेएकोणीस फुटांचे, दिवसातले सर्वांत मोठे. दिवा तांबडा होता आणि खूप वेळ तांबडाच राहिला. जावयांनी भोंगा वाजविला, घड्याळ पाहिले, पुन्हा वाजविला. लॉकमध्ये खालून वर येणारी एक नौका होती. कोठी तिच्यासाठी भरत होती. दरवाजे उघडले, ती बाहेर आली, तिच्यावरल्या मंडळींनी आम्हांस हात केले, आणि त्याच भरलेल्या पाण्यात आम्ही आत शिरलो. म्हणजे एकाच भरतीत एक नौका वर चढली आणि एक खाली उतरली. २,८७,००० घनफुटांच्या वर जे पाणी आमच्यासाठी निराळे सोडावे लागले असते ते सुटलेच नाही. मला इतका आनंद झाला की मी तो मोठ्याने बोलून दाखविला. जावयांनी नम्रपणे मान डोलावली. सौभाग्यवती म्हणाल्या, "तुमची शेजपाळी इथेही आलीच म्हणायची."

संध्याकाळी लायन्सच्या धक्क्याला नौका बांधली. कधी काळी या गावाने पेपरमिंटचे तेल काढून जगभर पाठविले आणि त्या तेलाच्या बाटल्या याच कालव्यावरून गेल्या. दिवसभरात आम्ही सतरा-अठरा मैल आलो होतो आणि ६४ फूट खाली उतरलो होतो. जेवणे झाल्यावर नात वही-पेन्सिल घेऊन माझ्याशेजारी बसली.

"आबा, उद्या आपण परत वर जाणार. मग तेवढंच पाणी पुन्हा लागणार?"

"तेवढंच. प्रत्येक लॉकला एकेक कोठी."

"आणि कुणी खाली येणारं असेल तर?"

"तर त्याची कोठी खाली रिकामी झालेली असेल, आपण तीत शिरायचं, ती आपल्यासाठी भरायची. दोघांत एकच."

तिने चार लॉकचे आकडे एकाखाली एक मांडले, बेरीज केली, आणि बापाकडे वळली. "बाबा, उद्या प्रत्येक लॉकपाशी कुणीतरी खाली येईपर्यंत आपण थांबू या."

जावयांनी भाड्याचा करारनामा काढून दिव्याजवळ धरला. नौका संध्याकाळी पाचच्या आत मॅसिडनला परत करावयाची होती, आणि उशीर झाल्यास दर तासाला आकार होता. त्यांनी तो आकडा वाचून दाखविला. नातीने तोही वहीत, पाण्याच्या शेजारच्या रकान्यात, लिहून घेतला आणि किती तासांपर्यंत थांबणे परवडेल ते काढू लागली.